गॅरी किल्डॉलचं विमान आणि आपल्या पोरांच्या सह्या

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण कॉलेजात जाणारं पोर घरात असेल तर वाचाच.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात ‘उद्योजक व्हा’ म्हणून व्याख्यान होतं. मी तीस वर्षं इथं कॉम्प्युटरचा क्लास आणि दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्यामुळे पुढच्या रांगेत खुर्ची, शाल, नारळ वगैरे. वक्ते बाहेरचे. गालाजवळ माइक, पायात पांढरे बूट, आणि दर दहा मिनिटांनी ‘आवाज आला नाही!’ असं ओरडून पोरांकडून टाळ्या वसूल करायची पद्धत. ते असू दे. भाषणाच्या मध्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि तिच्यासाठी मी हे लिहितोय.

गोष्ट अशी. १९८० साल. आयबीएम ही जगातली सगळ्यात मोठी कॉम्प्युटर कंपनी. तिची माणसं सूट-टाय घालून गॅरी किल्डॉल नावाच्या माणसाच्या दारात येतात. साहेब कुठे? साहेब मजा म्हणून विमान उडवायला गेलेत! घरी बायको. ती म्हणते, मी सही करणार नाही. आयबीएमवाले उठतात आणि थेट बिल गेट्सकडे जातात. बिल एका क्षणाचाही विचार करत नाही, सही करतो. एक जण जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस झाला. दुसरा कफल्लक होऊन दारूच्या गुत्त्यात मेला. ‘तुम्हाला कोण व्हायचंय? संधी दारात आली तर कागद वाचत बसू नका. सही करा!’

हॉल टाळ्यांनी दणाणला. प्राचार्यांनीही वाजवल्या. मी मांडीवर शाल घेऊन गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्याची लाज महिनाभर वाटत राहिली.

तर आधी हा गॅरी किल्डॉल कोण ते सांगतो. तुमच्या घरातल्या, बँकेतल्या, तलाठी कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर मुख्य डिस्कचं नाव ‘सी’ असतं. ए नाही, बी नाही, एकदम सी. का, असा प्रश्न कधी पडलाय? ए आणि बी ही फ्लॉपीच्या दोन खणांची अक्षरं. फ्लॉपी गेल्या, अक्षरं अजून त्यांच्या नावानं राखून ठेवलीत. डिस्कला असं अक्षर द्यायची रीत छोट्या कॉम्प्युटरवर रुळवली ती किल्डॉलच्या सीपी/एम या प्रणालीनं. (अक्षरांची कल्पना मुळात आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरची. म्हणजे त्यानंही उचललीच. त्यावर पुढे बोलू.)

माझ्या वयाच्या लोकांना आणखी एक आठवेल. १९९४ च्या सुमारास मी एका पतसंस्थेचं काम करायचो. काळा पडदा, फॉक्सप्रो, आणि फाइलचं नाव जास्तीत जास्त आठ इंग्रजी अक्षरांत. ‘खातेदार’ त्यात नेमकं बसायचं. ‘थकबाकीदार’ बसायचं नाही! संचालक मंडळाला याचं फार समाधान होतं. तर ते आठ अक्षरांचं नाव आणि पुढे तीन अक्षरांचं शेपूट, हीसुद्धा डॉसमध्ये सीपी/एमकडून आलेली गोष्ट. आपल्याकडच्या क्लासमध्ये एक अख्खी पिढी जे वर्डस्टार आणि डीबेस शिकली, तेही आधी सीपी/एमवर तयार झालेले प्रोग्रॅम. नाव न ऐकलेल्या माणसाच्या ओसरीत आपण सगळे शिकलो.

गॅरीचा जन्म १९४२ सालचा, अमेरिकेतल्या सिएटलचा. घरची शाळा होती, जहाजावरच्या लोकांना दिशाज्ञान शिकवणारी, आजोबांनी काढलेली. तोही शिकवण्यातलाच. वॉशिंग्टन विद्यापीठात गणित, मग कॉम्प्युटर सायन्स, १९७२ ला पीएचडी. व्हिएतनामच्या लढाईचा काळ, सक्तीची लष्करी सेवा होती. ती त्यानं कॅलिफोर्नियात माँटेरी इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवून पुरी केली आणि तिथंच प्राध्यापक म्हणून राहिला. १९७३ साली त्यानं एक निबंध प्रसिद्ध केला: लिहिलेला प्रोग्रॅम यंत्रानं स्वतः तपासून, त्यातलं फालतू काम काढून, जास्त वेगवान कसा करायचा. ती पद्धत आजही कंपायलरच्या अभ्यासक्रमात शिकवतात. हे वक्त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या नसत्या, हेही खरं.

त्याच सुमारास इंटेलनं इवलीशी चिप काढली. इंटेलच्या लोकांना ती ट्रॅफिक सिग्नल, कॅलक्युलेटर असल्या कामांची वाटत होती. ह्या मास्तरला त्यात पुरा कॉम्प्युटर दिसला. त्यानं त्या चिपसाठी पीएल/एम ही भाषा लिहिली, मोबदल्यात इंटेलकडून यंत्रं मिळवली, आणि विद्यार्थ्यांना त्यावर बसवलं. मग फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला, तो यंत्राला जोडायला जॉन टोरोडी या मित्रानं सर्किट बनवून दिलं, आणि १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या लहानशा गावात सीपी/एम पहिल्यांदा चाललं. इंटेलला दाखवलं. इंटेलला त्यात रस वाटला नाही. मग गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांनी स्वतःच कंपनी काढली. नाव ठेवलं ‘इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च’. आकाशगंगांपलीकडची कंपनी, ऑफिस घरात! पुढे ‘डिजिटल रिसर्च’ एवढंच राहिलं.

आता त्याचं खरं काम. त्या काळात प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा. एकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालायचा नाही. ट्रॅक्टरचं उदाहरण घ्या. ट्रॅक्टरच्या मागे थ्री पॉइंट लिंकेज असतं, म्हणून ट्रॅक्टर कुठल्याही कंपनीचा असो, नांगर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र अडकवता येतं. ते लिंकेज नसतं तर प्रत्येक ट्रॅक्टरला वेगळा नांगर लागला असता, आणि नांगर बनवणारा लोहार कधीच उभा राहिला नसता. किल्डॉलनं हेच केलं. यंत्राशी थेट बोलणारा तेवढा लहान तुकडा बाजूला काढला, त्याला बायॉस म्हटलं, आणि बाकी सगळं एकसारखं ठेवलं. नवीन यंत्र आलं की फक्त तो तुकडा बदलायचा. यामुळे शेकडो बनावटींच्या यंत्रांवर एकच प्रोग्रॅम चालू लागला, आणि फक्त सॉफ्टवेअर लिहून विकणाऱ्यांचा धंदा पायावर उभा राहिला. पुण्यात हिंजवडीला रोज सकाळी ज्या बसगाड्या भरून पोरं जातात, त्या धंद्याच्या पायातला हा एक दगड आहे.

आता तो विमानाचा दिवस.

पहिली गोष्ट वक्त्यांनी गाळली: आयबीएमला किल्डॉलकडे पाठवलं बिल गेट्सनंच. आयबीएम आधी मायक्रोसॉफ्टकडे गेली होती. ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टकडे नव्हतीच, म्हणून गेट्सनं किल्डॉलचं नाव सांगितलं. दुसरी: गॅरी त्या दिवशी विमानानं गेला होता हे खरं, पण कामासाठी. बिल गॉडबाउट हा त्याचा ग्राहक, त्याच्याकडे ओकलंडला. स्वतःचं विमान स्वतः चालवायचा, जसा आपल्याकडचा एखादा व्यापारी स्वतःची गाडी घेऊन कोल्हापूरला जाऊन येईल. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांशी करारमदार करणं हे डोरोथीचंच काम होतं, कंपनी दोघांची होती. ‘घरी बायको’ नव्हे, ऑफिसात भागीदार! दुपारनंतर गॅरी परतला आणि बैठकीत बसला, असं तो सांगायचा. आयबीएमचे एक अधिकारी म्हणायचे, मी त्याला पाहिलंच नाही. हजर असलेल्यांची सांगणी एकमेकांशी जुळत नाहीत, आणि चाळीस वर्षांनी मी आमच्या गावात बसून त्याचा निकाल लावणार नाही.

पण एका गोष्टीवर वाद नाही. आयबीएमनं बोलणी सुरू होण्याआधी एक कागद पुढे केला होता. त्याचा अर्थ साध्या भाषेत असा: आम्ही तुम्हाला जे सांगू ते गुपित, तुम्ही कुठं बोललात तर खटला. तुम्ही आम्हाला जे सांगाल ते गुपित नाही, आम्ही हवं ते करू. डोरोथीनं कागद वाचला, वकील गेरी डेव्हिस यांना बोलावलं, आणि लगेच सही केली नाही.

मला सांगा, यात तिचं काय चुकलं? तुमची बहीण जमिनीच्या कागदावर अशी सही करणार असती तर तुम्ही काय सांगितलं असतं? ज्या महाराष्ट्रात कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठे घेऊन सावकारांनी एकरच्या एकर रानं गिळली, तिथं भर सभेत कागद वाचणाऱ्या बाईला हसायचं आणि टाळ्या घ्यायच्या?

पुढचं ऐका, कारण सगळी गंमत तिथं आहे. व्यवहार अडला तो पैशाच्या पद्धतीवर. आयबीएमला एकरकमी सौदा हवा होता, डिजिटल रिसर्चची रीत दर प्रतीमागे पैसे घेण्याची. तोवर सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या लहान कंपनीतल्या टिम पॅटरसनने नव्या इंटेल चिपसाठी एक प्रणाली लिहिली होती, कारण त्या चिपसाठीचं सीपी/एम वेळेवर येईना. त्यानं सीपी/एमची पुस्तिका समोर ठेवून लिहिली, म्हणजे जुने प्रोग्रॅम सहज आणता यावेत. मायक्रोसॉफ्टनं ती दोन टप्प्यांत मिळून सुमारे ७५ हजार डॉलरला घेतली. पहिल्या व्यवहाराच्या वेळी आपला ग्राहक आयबीएम आहे हे विकणाऱ्याला सांगितलं नाही. आणि आयबीएमशी करार करताना गेट्सनं एक गोष्ट हातची सोडली नाही: हीच प्रणाली इतर कंपन्यांना विकायचा हक्क. पुढे आयबीएमसारखी यंत्रं शंभर कंपन्यांनी काढली, आणि प्रत्येकीला डॉस घ्यायला मायक्रोसॉफ्टच्या दारात यावं लागलं. सगळी संपत्ती त्या एका कलमातून आली.

म्हणजे ‘एका क्षणाचाही विचार न करता सही करणारा’ बिल कुठं आहे? गेट्सचे वडील सिएटलमधले नावाजलेले वकील होते. पोरगा कलमं वाचत मोठा झाला. त्या गोष्टीतला जिंकणारा माणूस म्हणजे कागद सगळ्यात बारकाईनं वाचणारा माणूस, आणि आपल्या पोरांना त्यातून शिकवतोय काय, तर कागद वाचू नका!

किल्डॉलच्या चुका नव्हत्या असं माझं म्हणणं नाही. नव्या चिपसाठीचं काम लांबवलं, हा त्याचा दोष, आणि महागात पडलेला दोष. धंद्याचा त्याला मनापासून कंटाळा होता. एक गोष्ट सुंदर बनवली की पुढच्या गोष्टीत जीव गुंतायचा. आपल्याकडच्या चांगल्या कारागिराची हीच खोड असते, बिल करायला कंटाळतो. कॉमेंटमध्ये कुणीतरी ‘गेट्सनं कोड चोरला’ असंही लिहील, म्हणून आधीच सांगतो: नंतर झालेल्या तपासणीत ओळीच्या ओळी उचलल्याचं आढळलेलं नाही. उचलली ती बाहेरची रचना, हाका मारायची पद्धत. आणि किल्डॉलनंही डीईसी कंपनीच्या यंत्रांवरून पुष्कळ घेतलं होतं. या धंद्यात सगळेच एकमेकांच्या विहिरीवर पाणी भरतात.

डॉस आणि सीपी/एममधलं साम्य पाहून किल्डॉल चिडला, तेव्हा आयबीएमनं खटला टाळण्यासाठी दोन्ही प्रणाली विकायचं कबूल केलं. विकल्या. एकीची किंमत ४० डॉलर. सीपी/एमची २४० डॉलर. किंमत एवढी कुणामुळे चढली यावर आजही भांडणं आहेत, पण दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं काय उचललं असेल ते सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

आणि ‘कफल्लक’ हे तर धादांत खोटं. डिजिटल रिसर्च १९९१ मध्ये नॉव्हेल या कंपनीनं विकत घेतली, गॅरी श्रीमंतच होता. १९८० च्या दशकात त्यानं सीडीवर अख्खा ज्ञानकोश आणण्याचं काम केलं, सीडी म्हणजे फक्त गाणी असं लोक समजत होते तेव्हा. ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ या टीव्ही कार्यक्रमात तो सहसूत्रधार होता, १९९० पर्यंत. त्याचे भाग आजही इंटरनेटवर बघायला मिळतात. बघाच. शांत, दाढीवाला, हसरा माणूस. प्रतिस्पर्ध्यांचा माल समोर ठेवलेला असतो आणि हा मन लावून त्यांना विचारतोय, हे कसं चालतं? असे मास्तर मला विद्यार्थी म्हणून एक-दोनच मिळाले.

त्याला आतून खाल्लं ते ह्या विमानाच्या गोष्टीनं. मुलाखतीत तीच, पुस्तकात तीच, चारचौघांत तीच. १९९२ मध्ये त्याच्याच वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सायन्स विभागाचा पंचविसावा वर्धापन सोहळा होता. हा तिथला पीएचडी. मुख्य भाषणाला बोलावलं कुणाला? हार्वर्ड अर्धवट सोडलेल्या बिल गेट्सला. त्यानंतर त्यानं आपली हकीकत लिहून काढली आणि जवळच्या माणसांना वाटली. शेवटी दारू वाढली होती, ते त्याच्या मुलांनीही लपवलेलं नाही. जुलै १९९४ मध्ये माँटेरीतल्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला आणि तीन दिवसांनी, ११ जुलैला, तो गेला. वय ५२. त्याची ती हकीकत, तीही पहिला भागच, लोकांसमोर आली २०१६ साली. तोवर वक्त्यांची गोष्ट छत्तीस वर्षं पुढे निघून गेली होती.

आता मूळ मुद्द्यावर येतो. अमेरिकेतल्या मेलेल्या माणसाची बाजू घ्यायला मी रात्री एक वाजता टाइप करत बसलेलो नाही.

माझ्या क्लासमधला एक पोरगा आहे. वडील दूध घालतात. पोरानं दूध संकलन केंद्रासाठी मोबाइलवर चालणारं ॲप बनवलं: लिटर, फॅट, एसएनएफ टाकलं की दर, पावती, दहा दिवसांचं बिल, सगळं मराठीत. दीड वर्ष खपला त्यावर. पहाटे साडेपाचला केंद्रावर उभं राहून म्हातारी माणसं कुठं अडखळतात ते बघायचा. तीन केंद्रं ते वापरू लागली. मग एका कंपनीनं त्याला बोलावलं. नोकरी देतो म्हणाले, पगार बरा, आणि सोळा पानांचं इंग्रजी ॲग्रीमेंट पुढे ठेवलं. आजच सही हवी, उद्या दुसरा उमेदवार आहे. पोरानं तिथल्या तिथं सही केली. बाराव्या पानावर लिहिलं होतं की त्यानं आधी बनवलेलं आणि पुढं बनवेल ते सगळं कंपनीचं. शिवाय दोन वर्षांचा बाँड, आणि पदवीची मूळ कागदपत्रं त्यांच्या कपाटात. आज ते ॲप कंपनीच्या नावानं विकलं जातंय, आणि ह्याला सांगितलंय की आधीची तीन केंद्रं बंद कर.

मी चिडून विचारलं, अरे, एक फोन करायचास ना मला. तर म्हणाला, ‘सर, ते विमानवाल्यासारखं व्हायचं नव्हतं मला.’

त्या हॉलमध्ये तो चौथ्या रांगेत होता. व्याख्यान मंगळवारी झालं, सही शुक्रवारी.

म्हणून मला ह्या ‘प्रेरणा’ नावाच्या धंद्याचा राग येतो. इतिहास चुकीचा सांगतात एवढ्यापुरता नाही. ही गोष्ट कुणाच्या सोयीची आहे ते बघा. ज्याच्या हातात कागद आहे आणि ज्याला समोरच्यानं तो वाचू नये असं वाटतं, त्याच्या सोयीची. पोरांनी धाडस करावं हे मलाही वाटतं. पण दीड वर्ष पहाटे उठून केंद्रावर जाणं हे धाडस नव्हतं का? त्याला तुमच्या भाषणात एक वाक्य नाही.

प्राचार्यांना मी भेटलो. म्हटलं, एक तास वकील बोलवा, करार कसा वाचायचा, कॉपीराइट कशाला म्हणतात, एवढंच सांगू दे. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, विषय चांगला आहे सर, पण मुलं बसणार नाहीत, आणि यंदाचं मानधनाचं बजेट त्या व्याख्यानात संपलं.

तर बजेट लागणार नाही असं मी ठरवलंय. तालुका कोर्टात वकिली करणारा माझा एक मित्र तयार झालाय. या महिन्यापासून दर शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ आम्ही दोघं माझ्या दुकानात बसतो. कुणाला नोकरीचा बाँड आलाय, ॲपचा करार आलाय, कॉलेजनं प्रोजेक्टवर हक्क सांगणारा कागद दिलाय, तो घेऊन या. सही करायच्या आधी या. आई-वडिलांना आणलंत तरी चालेल, मराठीत समजावून सांगू. फी नाही, चहा आहे. त्या दूधवाल्या पोराच्या कागदाचं काय करता येतं ते मित्र बघतोय. बाराव्या पानावरच्या ‘आधी बनवलेलं’ या शब्दांवर तो दोन दिवस अडून बसलाय.